पिवळ्या गुलाबावरचा आळ

गुलाबाच्या बागकामावरची युरोपीय पुस्तके चाळली की एक आरोप पुन्हा पुन्हा भेटतो. पूर्वीचे गुलाब निरोगी होते. १९०० साली फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ पेर्ने-दुशे याने 'सोलेय दॉर' नावाचा नारिंगी-पिवळा गुलाब बाजारात आणला, त्याच्या वंशातून काळ्या ठिपक्यांचा रोग साऱ्या बागांत शिरला, आणि तेव्हापासून माळ्याच्या पाठीवर फवारणीचा पंप चढला. गोष्ट सुटसुटीत आहे. तिच्यात गुन्हेगार आहे, साल आहे, गावही आहे, आणि म्हणूनच ती टिकली असावी. पुरावा ओळीने मांडला तर मात्र निराळे चित्र दिसते. पिवळ्या रंगाने रोगाला हात दिला हे खोटे नाही. पण रोग माजला तो मुख्यतः गुलाबाची पारख करण्याच्या रीतीमुळे. गुलाब म्हणजे फूल, एवढेच धरून परीक्षक बक्षिसे देत राहिले, पैदासकार रोपे निवडत राहिले आणि गिऱ्हाईक पैसे मोजत राहिले. पानाला या व्यवहारात मत नव्हते.

आधी रोगाची ओळख. पानावर विस्कटलेल्या कडांचे काळे ठिपके उमटतात, भोवतीचा भाग पिवळा पडतो आणि पान गळते. खालच्या पानांपासून सुरुवात होऊन सगळे झुडूप बोडके होते. हे काम डिप्लोकार्पॉन रोझी या बुरशीचे. तिच्या बीजाणूंना रुजायला पाणी लागते. पान सलग सातेक तास ओले राहिले की संसर्ग पक्का होतो, आणि मग पावसाच्या थेंबांबरोबर उडून ती वरच्या पानांवर जाते. भुरी या दुसऱ्या रोगाची तऱ्हा वेगळी. तिला भिजलेल्या पानाची गरज नसते. उबदार कोरडे दिवस आणि दमट रात्री तिला मानवतात, आणि कोवळे शेंडे व कळ्यांचे देठ ती पांढऱ्या पुडीने माखून टाकते. तांबेरा हा तिसरा, त्याला थंड ओलसर हवा लागते. आळ आला तो काळ्या ठिपक्यांपायी, म्हणून त्याचीच तारीख तपासू. स्वीडनमध्ये एलियास फ्रीस याने १८१५ साली ही बुरशी नोंदवली. १८२७ मध्ये मालमेदी गावच्या मारी-आन लिबेर या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तिचे वर्णन केले. अमेरिकेतली पहिली नोंद १८३१ ची आहे. लैंगिक अवस्था शोधून आजचे नाव देणारा फ्रेडरिक वुल्फ १९१२ मध्ये आला; पण तोवर रोग कागदावर येऊन जवळजवळ शतक लोटले होते. 'सोलेय दॉर' बाजारात आला त्याच्या ८५ वर्षे आधीच्या रोगाचा बाप पेर्ने-दुशे कसा ठरेल?

तरीही आरोप करणाऱ्यांची बाजू पुरी ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. युरोपातल्या बागेतल्या गुलाबांना गडद पिवळा रंग नव्हता. तो होता पश्चिम आशियातल्या रोझा फिटिडा या रानगुलाबात, आणि त्याचा दुहेरी पाकळ्यांचा प्रकार 'पर्शियन यलो' सर हेन्री विलॉक याने १८३७ च्या सुमारास इराणहून इंग्लंडात आणला होता. फुलांचा रंग अस्सल, पण बहर वर्षातून एकदाच, बी जवळजवळ धरत नाही, आणि कोरड्या मुलुखात वाढलेले हे झाड ओल्या हवेत काळ्या ठिपक्यांपुढे पार हतबल. पेर्ने-दुशेने १८८० च्या दशकात त्याचे पराग 'अँतुआन दुशे' या तांबड्या गुलाबावर टाकायला सुरुवात केली आणि कित्येक वर्षांच्या चिकाटीनंतर 'सोलेय दॉर' हाती आला. पुढे १९१० मध्ये 'रेयाँ दॉर' आला. पहिल्या महायुद्धात त्याचे दोन्ही मुलगे कामी आले. १९२० च्या 'सुव्हनीर द क्लोदियुस पेर्ने' या पिवळ्या गुलाबाला त्यांतल्या एकाचे नाव आहे. या घराण्याला 'पेर्नेशियाना' असे वेगळे नाव होते, पण १९३० च्या आसपास ते हायब्रिड टी या मोठ्या वर्गात विरघळून गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर गाजलेल्या फ्रान्सिस मेयां याच्या 'पीस' गुलाबाच्या वंशवेलीतही 'सुव्हनीर द क्लोदियुस पेर्ने' आहेच. म्हणजे पिवळ्या रंगाबरोबर पानाचा दुबळेपणा दूरवर पसरला, एवढे कबूल करायला हवे. प्रश्न पुढचा आहे. दुबळेपणा आला तो आला. पण पिढ्यान्‌पिढ्या निवड चालू असताना तो गाळला का गेला नाही?

उत्तरासाठी १९०० च्या मागे जावे लागते. अठराव्या शतकाअखेर आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला चीनमधले गुलाब युरोपात पोहोचले, त्यांतले काही ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून, कॅन्टन आणि कोलकाता या वाटेने. त्यांनी युरोपला दिलेली मोठी देणगी म्हणजे पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण. युरोपचे जुने गुलाब बहुतेक जूनमध्ये एकदा फुलत आणि संपत. त्यानंतर पानांवर ठिपके आले, भुरी आली, तरी बागवानाला त्याचे सोयरसुतक नसे. वर्षाचे काम झालेले असे. चिनी रक्त मिसळल्यावर गुलाबाकडून ऑक्टोबरपर्यंत फुलांची अपेक्षा सुरू झाली. ऑक्टोबरपर्यंत फुलायचे तर पानेही तोवर टिकायला हवीत, आणि सतत फुटणारी कोवळी पालवी ही तर भुरीची आवडती जागा. जुने गुलाब निरोगी होते असे म्हणणारे ही गोष्ट विसरतात. निदान काही जुन्या गुलाबांचे निरोगीपण हे जुलैनंतर त्यांच्याकडे कुणी न पाहिल्याचे फळ असावे, असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गाजलेले हायब्रिड पर्पेच्युअल गुलाब पिवळ्या वंशाशी काहीही नाते नसताना ठिपके, भुरी आणि तांबेरा या तिन्हींना बळी पडत.

आता मुख्य साक्ष, प्रदर्शनांची. १८५८ साली लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्ये गुलाबांचे पहिले मोठे राष्ट्रीय प्रदर्शन भरले. ते घडवून आणणारा सॅम्युअल रेनॉल्ड्स होल हा पाद्री, पुढे १८७६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रोज सोसायटीचा पहिला अध्यक्ष. त्या काळच्या प्रदर्शनांची पद्धत डोळ्यांसमोर आणण्याजोगी आहे. हिरव्या रंगाची, उतरत्या झाकणासारख्या माथ्याची लाकडी खोकी. माथ्यावर ओले शेवाळ पसरलेले. त्यात ओळीने भोके, प्रत्येक भोकात पाण्याची नळी, आणि नळीत एकेक फूल, फक्त माथा दिसेल असे. बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस फुलांचे वर्ग असत. हौशी मंडळी पाकळ्या उंटाच्या केसांच्या कुंचल्याने सारखी करत, फूल वेळेआधी उमलू नये म्हणून लोकरीच्या धाग्याने बांधून ठेवत आणि परीक्षक येण्याआधी धागा सोडत. टेबलावर झुडूप नाही, फांदी नाही, पान नावाला. ज्या झुडपावर वर्षात चारच फुले धड येतात आणि ऑगस्टमध्ये एकही पान उरत नाही, त्याचे एक फूल इथे सुवर्णपदक घेऊन जाऊ शकत होते. मोठे फूल हवे म्हणून बहुतेक कळ्या खुडायच्या, जोरकस वाढीसाठी शेणखत आणि द्रवखताचा मारा करायचा, हे प्रदर्शनवाल्यांचे नित्याचे. नत्राने फुगलेली ती मऊ पालवी भुरीला किती गोड लागत असेल, हे त्यांना ठाऊक नव्हते असेही नाही. पण भुरी झुडपावर, आणि झुडूप तर घरी राहिलेले.

या टेबलाभोवती सगळा व्यापार उभा राहिला. रोपवाटिकांच्या यादीत पदके छापली जात, नवे रोप महाग विकले जाई आणि यादी वाचणाऱ्याला रोपाच्या पानांविषयी फारसे कळत नसे. १८६७ मध्ये ल्योंच्याच गियो याने 'ला फ्रान्स' आणला, पुढे हायब्रिड टीचा आरंभ म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले गेले. लांब टोकदार कळी हे या वर्गाचे वैभव, आणि प्रदर्शनाच्या खोक्याला ती कळी अगदी शोभून दिसे. बागेचा आराखडाही याच सुमारास बदलला. मिश्र वाफ्यांतून गुलाब निघाले आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र बागा आल्या: १८९० च्या दशकात पॅरिसजवळच्या लाय गावी ज्यूल ग्राव्हरो याने वसवलेली गुलाबबाग, १९०३ मधली जर्मनीतली झांगरहाउझेनची बाग. गुलाबाचीच हजारो झुडपे खेटून उभी, खाली गळलेली रोगट पाने, वर पाऊस. बुरशीसाठी याहून सोयीची व्यवस्था मुद्दाम आखूनही जमली नसती.

मग औषधे आली, आणि पहिली औषधे द्राक्षमळ्यातून आली. १८४५ मध्ये इंग्लंडातल्या मारगेट गावी एडवर्ड टकर या माळ्याने द्राक्षवेलीवरची भुरी ओळखली आणि गंधक-चुन्याचा उपाय केला. व्हर्सायच्या राजवाड्यातला माळी ग्रिझों याने १८५० च्या दशकारंभी गंधक आणि चुना एकत्र उकळून द्रावण बनवले. १८८५ मध्ये मिलार्दे याने मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण जगापुढे ठेवले. त्याच्या शोधाची कथा नाशिकच्या बागायतदाराला पटेल अशी आहे: रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरूंनी खाऊ नयेत म्हणून मेदोक भागातल्या मळेवाल्यांनी वेलींवर निळसर लेप मारला होता, आणि तेवढ्याच वेली केवडा या रोगातून वाचल्या होत्या. गंधक गुलाबाच्या भुरीवर चालले. बोर्डो ठिपक्यांवर चालले, पण थंड ओल्या हवेत तांब्याने गुलाबाची पाने पिवळी पडून गळत, म्हणजे उपायही रोगाचेच काम करी. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या एल. एम. मॅसी याच्या नावाने ओळखली जाणारी भुकटी लोकप्रिय झाली: नव्वद भाग गंधक आणि दहा भाग लेड आर्सेनेट. शिसे आणि आर्सेनिक, तेही घराच्या अंगणात. न्यू जर्सीत सिंथिया वेस्टकॉट या विदुषीने १९३० च्या दशकात 'झाडांची डॉक्टर' म्हणून व्यवसाय थाटला, आणि श्रीमंतांच्या गुलाबबागा वेळापत्रकाप्रमाणे फवारणे हा त्यातला मोठा भाग होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅप्टान आले, १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाडाच्या आत भिनणारे बेनोमिल आले, आणि अनेक पिकांवरच्या भुरीने काही हंगामांतच बेनोमिलला दाद देणे सोडले.

फवारणीने बागेतल्या गुलाबांना वाचवले, पण पैदाशीच्या शेतातही तिनेच घोळ घातला. हजारो रोपांतून चार निवडायची असताना सगळ्याच रोपांवर औषध मारले, तर कोणते रोप स्वतःच्या ताकदीवर उभे आहे हे कळायला मार्ग उरत नाही. दुबळे रोप फुलाच्या जोरावर पुढे जाते, पुढच्या संकराचे आईबाप होते आणि प्रत्येक पिढीत थोडी थोडी प्रतिकारशक्ती हरवत जाते. दक्षिण आफ्रिकेतल्या फान देर प्लांक या रोगशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये बटाट्याच्या एका वाणावरून हे तत्त्व मांडले होते: एका प्रबळ जनुकाच्या आडोशाला पैदास केली की बाकीची सर्वसाधारण ताकद नकळत गळून जाते. बटाट्याचा आडोसा जनुकाचा होता, गुलाबाचा औषधाचा. परिणाम मला तोच दिसतो. रोझा फिटिडाचा दुबळेपणा का गाळला गेला नाही, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. गाळण्याची संधी प्रत्येक हंगामात येत होती आणि प्रत्येक हंगामात पंपाने ती पुसून टाकली.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, धुराचा. ब्रिटनमधल्या औद्योगिक शहरांत कोळशाचा धूर होता तोवर काळे ठिपके क्वचित दिसत. १९५२ च्या लंडनच्या जीवघेण्या धुक्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, हवा निवळली आणि रोग शहरांत आला. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पी. जे. डब्ल्यू. सॉन्डर्स याच्या अभ्यासाने हवेतला सल्फर डायऑक्साइड या बुरशीला मारक असतो हे दाखवलेही. मग दोष निवडीचा कसा? तो तर धुराड्यांच्या फुकट फवारणीचा अंत झाल्याचा परिणाम! आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, बळच देतो. धूर हाही एक आडोसाच होता. शहरी बागवानाला त्याने अशी झुडपे सांभाळायची सवय लावली जी स्वच्छ हवेत जगू शकत नव्हती. शिवाय धुराच्या बाहेरच्या खेड्यांत ठिपके आधीपासून होते. न्यू जर्सीतल्या श्रीमंत वस्त्यांत १९३० च्या दशकात पैसे देऊन फवारणी करून घेतली जात होती, ती ब्रिटिश कायद्याच्या वीस वर्षे आधी.

दुसरा आक्षेप अधिक सौम्य: त्या काळी रोगप्रतिकारासाठी पैदास करता येते हे माहीतच नव्हते, मग बिचाऱ्या पेर्ने-दुशेला काय म्हणून बोल लावायचा? त्याला बोल लावायचा नाहीच. पण माहीत नव्हते हे बरोबर नाही. १९०५ मध्येच केंब्रिजच्या रोलँड बिफेन याने गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्याचा प्रतिकार मेंडेलच्या नियमाने पुढच्या पिढीत उतरतो हे दाखवून दिले होते. द्राक्षांच्या जगात तर त्याआधीच फायलोक्सेरा या किडीपायी अमेरिकन खुंटांवर युरोपीय वेलींची कलमे बांधली गेली होती. गुलाबातही उदाहरण होते. अमेरिकेतल्या वॉल्टर व्हॅन फ्लीट याच्या नावाचा, चकचकीत निरोगी पानांचा वेलगुलाब १९१० मध्ये आला. त्याच्यातून निघालेल्या 'न्यू डॉन' ला १९३१ मध्ये अमेरिकेचे वनस्पतींसाठीचे पहिले पेटंट मिळाले. वेल कुंपणावर चढत असे, प्रदर्शनाच्या खोक्यात नव्हे, म्हणून तिच्या पानांना महत्त्व मिळाले, असा तर्क करायला हरकत नाही. आपल्याकडचे डॉ. बी. पी. पाल यांचे उदाहरण तर बोलके आहे. केंब्रिजला बिफेनच्या हाताखाली शिकलेले, तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा एन. पी. ८०९ हा गहू १९५४ मध्ये देणारे, पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झालेले पाल हौसेने गुलाबांचे पैदासकारही होते. 'रोझ शेरबत', 'दिल्ली प्रिन्सेस', 'डॉ. होमी भाभा' हे वाण त्यांचे. रोगप्रतिकाराचे शास्त्र ज्यांच्या बोटांवर होते अशी माणसे गुलाबाच्या वाफ्यात वावरत होती. कमी पडले ते ज्ञान नव्हे. गहू कुजला तर माणसे उपाशी राहतात, म्हणून तिथे निरोगीपण ही पहिली अट झाली. गुलाबाचे पान गळले तर परीक्षकाला ते दिसतही नव्हते.

माझा मुद्दा खरा असेल, तर परीक्षेचे नियम बदलताच गुलाब बदलायला हवेत. तसे झाले. जर्मनीतल्या विल्हेल्म कोर्डेस याने 'मॅक्स ग्राफ' या जवळजवळ वांझ संकरातून फलणारी, कणखर अशी रोझा कोर्डेसी ही नवी जात मिळवली, आणि तिच्यातून 'डॉर्टमुंड' सारखे चिवट वेलगुलाब १९५० च्या दशकात आले. त्याच्याच पुढाकाराने त्याच सुमारास जर्मनीत नव्या गुलाबांची एडीआर परीक्षा सुरू झाली: निरनिराळ्या हवामानाच्या ठिकाणी तीन वर्षे, संपूर्ण झुडपाची. १९९७ पासून तिथे बुरशीनाशकाला पूर्ण बंदी आहे, आणि मिळालेला दर्जा नंतर काढूनही घेतला जातो. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठातल्या ग्रिफिथ बक याने फवारणीशिवाय टिकणाऱ्या रोपांचीच निवड करत १९७७ मध्ये 'केअरफ्री ब्यूटी' दिला. त्याचे रक्त घेऊन विस्कॉन्सिनमधल्या विल्यम रॅडलर याने २००० साली 'नॉक आउट' बाजारात आणला. रॅडलरची रीत विलक्षण होती: काळ्या ठिपक्यांची रोगट पाने वाळवून त्यांची पूड आपल्याच रोपांवर उधळायची, वरून पाणी शिंपडायचे आणि जे रोप तरीही हिरवे राहील तेवढेच ठेवायचे. खोक्यात फूल बांधून नेणाऱ्या होलच्या सोबत्यांनी याला वेड म्हटले असते.

सौंदर्य आणि आरोग्य एकत्र येत नाहीत, असे यावर म्हणणारे आहेत, आणि 'नॉक आउट' कडे बोट दाखवले तर त्यांना पूर्ण खोडता येत नाही. त्याला वास जवळजवळ नाही, फूल सैल, चारचौघांसारखे. पण एका गुणासाठी दीडशे वर्षे निवड झाल्यावर दुसऱ्या गुणासाठी पन्नास वर्षांत सगळे जमावे ही अपेक्षा घाईची आहे. पुढच्या जर्मन वाणांत वास आणि भरगच्च पाकळ्या परत येताना दिसतात. यापेक्षा गंभीर अडचण बुरशीची आहे. काळ्या ठिपक्यांचे अनेक उपप्रकार आहेत. एका गावी निरोगी राहिलेला वाण दुसऱ्या गावी ठिपक्यांनी भरतो, आणि एकाच जनुकावर उभा असलेला प्रतिकार कधी ना कधी मोडतो. म्हणून परीक्षा एकदा घेऊन भागत नाही, आणि परक्या हवेतल्या परीक्षेवर विसंबता येत नाही.

महाराष्ट्राच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमध्ये वर छप्पर आणि खाली ठिबक असल्यामुळे पान पावसात भिजत नाही. तिथे काळे ठिपके दुय्यम आणि भुरी व केवडा मुख्य. तिथला गुलाब लांब दांडीसह, पानासकट विकला जातो, म्हणून डागाळलेल्या पानाने भाव पडतो आणि पानाला किंमत आहे. ती राखली जाते मात्र फवारणीनेच. अंगणातल्या गुलाबाची गोष्ट उलटी. रोपवाटिकेतून तो बहुधा ऑक्टोबरच्या छाटणीनंतरच्या बहरात, हिवाळ्यात, फूल पाहून निवडला जातो, जेव्हा पानांवर ठिपका शोधूनही सापडत नाही. पुढच्या जुलैत पान दिवसेंदिवस ओले राहते तेव्हा विकणारा समोर नसतो. जर्मनीतल्या तीन वर्षांच्या परीक्षेत उतरलेला वाण मावळच्या चार महिन्यांच्या पावसात काय करील, हे जर्मनीत कळणार नाही. त्यासाठी जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथल्याच वाफ्यात, पंप बाजूला ठेवून, झुडपावर उरलेली पाने मोजावी लागतील.